वजन उतरल्यावर अंगावरचे दूध

मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका मैत्रिणीने मला कोट ठेवायच्या खोलीत गाठले. दार लोटून घेतले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "तुझं ते ऑपरेशन झालंय ना? मलाही झालंय, भारतात, तीन वर्षांपूर्वी. आता पाचवा महिना आहे. मला बाळाला अंगावर पाजता येईल का गं?" बाहेर तिळगुळाची ताटे फिरत होती आणि आम्ही दोघी थंडीच्या कोटांच्या ढिगाआड उभ्या राहून बायपासबद्दल कुजबुजत होतो. नंतर लक्षात आले की हा प्रश्न मला अशाच कुजबुजीत विचारणारी ती तिसरी. तेव्हा संपादकांच्या परवानगीने यावेळी या पानावर तो मोठ्याने विचारते आणि मला जे ठाऊक आहे ते सांगते.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. सवयीने प्रत्येक गोष्टीत आत काय जाते आणि बाहेर काय येते ते पाहते. २०२० च्या जानेवारीत माझी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली, दीड वर्षात ४४ किलो वजन उतरले आणि २०२२ च्या शरद ऋतूत मुलगी झाली. पुढे लिहिले आहे ते आमच्या डॉक्टरांना, आहारतज्ज्ञांना आणि लॅक्टेशन कन्सल्टंटना प्रश्न विचारून विचारून जमवलेले आहे. आपापल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणीही एक गोळीसुद्धा बदलू नये.

मैत्रिणीला दिलेले उत्तर आधी सांगते. हो, पाजता येते. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी वेगळ्या आणि चरबी वेगळी. वजन उतरते तेव्हा चरबी जाते, ग्रंथी जागेवरच राहतात. छाती ओघळली, कातडी सैल पडली म्हणजे दूध येणार नाही, हा समज चुकीचा आहे. उलट, फार वजन असताना बाळंतपण झाले तर दूध उतरायला उशीर होण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे वजन कमी करून तुम्ही एक अडचण दूरच केलेली असते. बाळाने ओढले की मेंदूतून प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन सुटते. पहिल्याने दूध तयार होते, दुसऱ्याने पान्हा फुटतो. जितके दूध काढले जाईल तितके पुढचे तयार होते. या सगळ्याचा पोटाच्या आकाराशी काही संबंध नाही.

संबंध आहे तो दुधात काय उतरते याच्याशी, आणि यासाठी शस्त्रक्रियेत नेमके काय करतात हे थोडे समजून घ्यायला हवे. बायपासमध्ये जठराचा वरचा भाग वेगळा करून अंड्याएवढी लहान पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वाटेतून वगळला जातो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः ज्या भागात शोषले जातात, तोच हा भाग. ‘स्लीव्ह’ नावाच्या दुसऱ्या प्रकारात आतड्याला हात लावत नाहीत, पण जठराचा मोठा भाग कापून टाकतात आणि केळ्यासारखी नळी शिल्लक ठेवतात. दोन्ही प्रकारांत जठरातले आम्ल कमी पडते, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व शोषायला लागणारा जठरातला एक खास पदार्थही अन्नाला पुरेसा मिळत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. हे सर्जन पहिल्याच दिवशी सांगतात, आणि दोन वर्षांनी वजन उतरून नवे कपडे शिवून झाले की आपण पहिल्याने विसरतो ते हेच.

आता मला सर्वांत चकित करणारी गोष्ट. आईच्या शरीरात काही कमी असले तर दुधातही ते कमी असेल, असे आपण धरून चालतो. काही पदार्थांच्या बाबतीत तसे नसते. कॅल्शियम आणि लोह दुधात जवळजवळ ठरलेल्या प्रमाणातच येतात. आईच्या आहारात कॅल्शियम नसेल तर ते तिच्या हाडांतून काढले जाते आणि बाळाला पोचते. बाळाचे काम होते, झीज आईची होते. पण बी-१२, थायमिन म्हणजे बी-१, अ जीवनसत्त्व, आयोडीन यांचे तसे नाही. आईकडे कमी असतील तर दुधातही कमीच उतरतात. दूध दिसायला तसेच पांढरे, प्रमाणही तेवढेच, प्रथिने आणि स्निग्धांशही सर्वसाधारणपणे पुरेसे. बाळ पोटभर पिते, झोपते, आणि तरी एक गोष्ट त्याला मिळत नसते.

बी-१२ ची आणखी एक खोड आहे. त्याचा साठा यकृतात असतो आणि तो काही वर्षे पुरतो. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर गोळ्या चुकल्या तरी पहिले वर्ष, दुसरे वर्ष काही कळत नाही. साठा संपतो तो नेमका बाळाचा विचार करायच्या सुमाराला. शिवाय आपल्यापैकी अनेक घरांत शाकाहार. बी-१२ वनस्पतीत नसते. दूध, दही, पनीर, अंडी, मासे, मटण यांतच मिळते. तेव्हा आपला साठा मुळातच अर्ध्या भरलेल्या टाकीसारखा.

हे काही अमेरिकेतले नवे खूळ नव्हे. १९६२ साली वेल्लोरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये लहान बाळांच्या एका आजाराचे वर्णन केले होते. अंगावर पिणारी बाळे, त्यांच्या आयांमध्ये बी-१२ ची कमतरता, आणि बाळे हळूहळू मलूल होत, शिकलेले हसणे-मान धरणे विसरत, हातापायांना कंप सुटे. आपल्या पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचा जो दीर्घ अभ्यास १९९३ पासून केला, त्यातही सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळले. या स्त्रियांची कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नव्हती. त्यावर शस्त्रक्रियेची भर पडली तर काय, याचा हिशेब करायला इंजिनिअर लागत नाही.

असे बाळ पहिले काही महिने अगदी छान दिसते, कारण जन्मताना थोडा साठा घेऊन आलेले असते. लक्षणे साधारण चौथ्या ते दहाव्या महिन्यात दिसू लागतात. वजन अडते, खाण्यात रस नसतो, अंग ढिले पडते, जे येत होते ते येईनासे होते. वेळेवर कळले तर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. फार उशीर झाला तर मेंदूवरचा परिणाम पूर्ण भरून येईलच असे नाही. आणखी एक, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गरोदरपणी आपण सगळ्याच घेतो. त्या जरूर घ्याव्यात, पण त्यांच्यामुळे बी-१२ च्या कमतरतेतला पंडुरोग झाकला जातो. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणजे सगळे ठीक, असे मानू नये. बी-१२ ची तपासणी वेगळी मागून घ्यावी.

आता माझी चूक सांगते. शस्त्रक्रियेची गोष्ट मी नवऱ्याशिवाय कोणाला सांगितली नव्हती. आईला सांगलीला फोनवर सांगितले होते, "जिम लावलीय." बाळंतपणासाठी ती आली तेव्हा दोन किलो डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरे सगळे घेऊन आली. आठव्या महिन्यात मळमळीच्या नावाखाली बी-१२ ची दोन इंजेक्शने मी चुकवली होती. बाळाच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा आई शेजारीच बसली होती. नर्सने विचारले, आईला काही आजार, शस्त्रक्रिया? मी म्हटले, नाही. माझी फाईल प्रसूतितज्ज्ञांकडे, बाळाची फाईल बालरोगतज्ज्ञांकडे. या दोन फाईलींमध्ये मी सोडून दुसरा दुवा नव्हता, आणि मी गप्प बसले.

पहिल्या दोन आठवड्यांत मुलगी जन्मवजनावर परत आली नाही. डॉक्टर म्हणाले, वरचे थोडे दूध द्या, पुन्हा बघू. दिले, वजन वाढू लागले. सहाव्या आठवड्यात माझ्या शस्त्रक्रियेच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञांनी माझे रक्त तपासले, बी-१२ बरेच कमी निघाले, आणि त्यांनी फोनवर सरळ विचारले, "बाळाच्या डॉक्टरांना तुमच्या बायपासची कल्पना आहे ना?" त्या दिवशी संध्याकाळी मी क्लिनिकला फोन करून सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी बाळाचे रक्त घेतले. तिचेही कमी होते. लक्षण एकही नव्हते, इंजेक्शने सुरू झाली, माझीही झाली, आणि पाजणे एक दिवसही थांबवावे लागले नाही. मात्र पहिल्या आठवड्यांत वजन अडले ते दूध कमी पडल्याने. त्याचा बी-१२ शी संबंध नव्हता, असे डॉक्टरांचे म्हणणे. म्हणजे वजन अडले नसते तरी ही कमतरता होतीच आणि ती कोणालाही दिसली नसती. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्या रात्री आईला स्वयंपाकघरात सांगितले. ती ऐकून घेत बराच वेळ ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "मग माझ्याकडून दोन किलो लाडू कशाला करवून घेतलेस?" प्रश्न रास्त होता. बायपास झालेल्या पोटात गूळ-साखरेचा मोठा घास एकदम गेला तर तो झटकन आतड्यात उतरतो. छाती धडधडते, घाम फुटतो, जुलाब होतात, आणि तास-दोन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली जाते. याला ‘डंपिंग’ म्हणतात. आई समोर बसून लाडू खायला लावायची आणि मी अर्ध्या तासाने बाथरूममध्ये. तिला वाटायचे पोरीला बाळंतपण सोसत नाही.

तेव्हापासून तिने कारभार बदलला. लाडू सुपारीएवढे, तेही जेवणानंतर एखादा. अळिवाची खीर बिनसाखरेची, वाटीऐवजी दोन चमचे. सकाळी मुगाचे धिरडे, दहा वाजता घट्ट दही, दुपारी उसळ आधी आणि भात शेवटी, उरला तर. पनीर, भाजलेले शेंगदाणे, सोयाबीन, रात्री पिठल्याची लहान वाटी. आमच्याकडे अंडी नव्हती, ती आईनेच आणायला लावली आणि स्वतः चूल वेगळी न करता उकडून दिली! प्रथिने दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम लागतात आणि ती आधी खायची, हा नियम तिने माझ्यापेक्षा लवकर पाठ केला. पाणी मात्र जेवणाबरोबर नाही. जेवणानंतर अर्ध्या तासाने घोट-घोट, आणि पाजायला बसताना शेजारी तांब्या हवाच.

उष्मांकांचा हिशेब असा. पहिल्या सहा महिन्यांत बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पिते. १०० मिलिलिटरमध्ये ६५ ते ७० कॅलरी, म्हणजे सुमारे ५०० कॅलरी रोज आपल्या शरीरातून बाहेर जातात. काही भाग गरोदरपणात साठलेल्या चरबीतून भागतो, म्हणून एरवीच्या खाण्यावर रोज ३३० ते ४०० कॅलरी जास्त घ्या असा सर्वसाधारण सल्ला आहे. लहान पोटात त्या एका वेळी मावत नाहीत, सहा-सात वेळा थोडे थोडे खावे लागते. वजन पुन्हा चढेल या भीतीने या काळात डाएट करू नये. मीही आरशासमोर घाबरलेलीच होते, सांगते त्यात शहाणपणा मिरवायचा नाही. नुसत्या व्यायाम-आहाराने वजन उतरवलेल्यांनाही हे तितकेच लागू. त्यांना शोषणाची अडचण नसते, पण कमी खायची सवय हाडात भिनलेली असते.

गोळ्यांबद्दल थोडेसे. बायपासनंतर कॅल्शियम सायट्रेट प्रकारचे घेतात, कारण त्याला आम्ल फारसे लागत नाही. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून. लोहाची गोळी आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, निदान दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोह चहाबरोबर तर नाहीच. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, हे नेहमीचे प्रमाण. गरोदरपणात अ जीवनसत्त्व बीटा कॅरोटीनच्या रूपातले घेतात. बाळालाही पहिल्या दिवसांपासून ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिटचे थेंब द्यायचे असतात, आई बारीक असो की जाड. आणि सतत उलट्या होत असतील तर थायमिन फार वेगाने संपते, तेव्हा थांबून न राहता डॉक्टरांना फोन करावा.

बाळाला पुरेसे मिळते आहे का, हे छातीच्या आकारावरून किंवा सासूबाईंच्या अंदाजावरून ठरत नाही. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक ओले डायपर, पहिल्या दिवसांत उतरलेले वजन साधारण १० ते १४ दिवसांत परत भरून येणे, आणि पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ, ही खूण. दिवसातून आठ ते बारा वेळा पाजावे. वरचे दूध द्यावे लागले तर दोष वाटून घेऊ नये, फक्त त्या प्रत्येक वेळी पंप करावा, नाहीतर शरीराला मागणीच पोचत नाही. सैल छातीखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि बाळाला काखेखाली धरले की ते नीट तोंडात घेते. कातडी घट्ट करण्याची प्लॅस्टिक सर्जरी शक्य तर मुले झाल्यावरच करावी, त्यात दूधनलिका आणि नसा कापल्या जाण्याची शक्यता असते.

दवाखान्यातल्या तीन-चार गोष्टी पाठच कराव्यात. बायपास झालेल्यांनी आयबुप्रोफेन घेऊ नये, जोडावर व्रण होतो. बाळंतपणानंतर मात्र तेच सर्रास देतात. मलाही नर्स घेऊन आली होती, मी नको म्हटले म्हणून ॲसिटामिनोफेन दिले. गरोदरपणी साखर तपासायला जे गोड पेय देतात त्याने डंपिंग होऊ शकते, त्याऐवजी घरी आठवडाभर बोटातून साखर मोजण्याची सोय मागावी. बायपासनंतर गरोदरपणात पोटात जोराचे दुखू लागले आणि थांबत नसेल तर ते पित्त समजून आल्याचा रस पीत बसू नये, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, सरळ इमर्जन्सीत जावे. शस्त्रक्रियेनंतर एक ते दोन वर्षे दिवस जाऊ देऊ नयेत असे सांगतात, पण बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. वजनाची नवी इंजेक्शने घेणाऱ्यांसाठी, सेमाग्लुटाइड दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी थांबवावे असे कंपनीच्याच पत्रकात आहे, आणि पाजताना ते घ्यावे की नाही हा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

आता पैशाचे, कारण हे पान अर्धे त्यासाठी आहे. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे बहुतेक विमा योजनांना ब्रेस्ट पंप आणि लॅक्टेशन कन्सल्टंटचा सल्ला यांचा खर्च कोपे न घेता द्यावा लागतो. दुकानातून स्वतः पंप घेण्याआधी विमा कंपनीला फोन करा, त्यांचा पुरवठादार ठरलेला असतो. २०११ पासून पंप आणि त्याचे साहित्य कराच्या दृष्टीने वैद्यकीय खर्चात धरले जाते, म्हणजे एचएसए किंवा एफएसएमधून देता येते. साध्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या त्यात बसत नाहीत, पण शस्त्रक्रियेनंतरच्या कमतरतेसाठी डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील तर बसू शकतात. ते पत्र दरवर्षी मागून फाईलला लावावे.

ऑफिसात पंप करायला वेळ आणि बाथरूम नसलेली खासगी जागा देण्याचा २०१० चा नियम मुख्यतः तासावारी पगाराच्या लोकांसाठी होता. आपण पगारी इंजिनिअर त्यातून वगळलेले होतो. २९ डिसेंबर २०२२ रोजी सही झालेल्या कायद्याने तो हक्क बाळ वर्षाचे होईपर्यंत बहुतेक सगळ्यांना मिळाला. मी नेमकी त्याच सुमाराला कामावर परतले आणि सर्व्हर रूमशेजारच्या कोठीला कुलूप बसवून घेतले. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना जुलै २०२० पासून कौटुंबिक रजा विम्यातून १२ आठवड्यांपर्यंत पगाराचा काही भाग मिळतो. बाळाच्या बापालाही मिळतो, हे आपल्या पुरुषमंडळींना बहुधा कोणी सांगितलेले नसते.

शेवटचे एक. नोकरीतल्या विमा योजनेत बाळाचे नाव जन्मापासून ३० दिवसांत घालावे लागते. बाळाच्या रक्ताच्या तपासण्या आणि इंजेक्शने यांची बिले त्यानंतरच नीट सुटतात. आम्हाला त्याची आठवण २७ व्या दिवशी झाली, तीही रात्री अकराला, मुलगी अंगावर पीत असताना. एका हाताने टाइप करून फॉर्म भरला. माझ्या डॉक्टरांनी दर तिमाहीला आणि पाजताना करायला सांगितलेल्या तपासण्यांची यादी मी एका कागदावर करून ठेवली आहे. हवी असेल तिने मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला गाठावे. कोट ठेवायच्या खोलीत जायची गरज नाही.